आडवा ऐन

पाटोणपाड्याच्या वर ओढा जिथं डावीकडं कलतो
तिथं ऐनाचं खोड आडवं पडलंय.
हा तिसरा पावसाळा.
मगरीच्या पाठीसारखी साल, आता निम्मीच उरलेली.

पहिल्या वर्षी त्यानं नुसता पाचोळा धरला,
सावरीची एक फांदी, कुणाची तरी निळी चप्पल.
मग फांदीला फांदी अडली,
फटींतून गाळ बसला,
आणि वाट न मिळालेलं पाणी
उजव्या काठाखाली शिरून माती खात राहिलं.
खोडाच्या पायथ्याशी डोह झाला,
कमरेइतका.

मी वनखात्याचा रोजंदार.
कागदावर होतं : प्रवाहातील अडथळा काढणे.
खांद्यावर करवत, सोबत दोघं.

चैती वरठा डोहात उभी,
हात खांद्यापर्यंत खोडाखाली.
तिनं एक मुठा ओढून काढला,
नांग्या मोडून ओच्यात टाकला.
"काढा की," म्हणाली,
"खालच्या वळणावरचं काढलंत तसं.
तिथं पाणी आता नुसतं जातं."

खाली जाऊन पाहिलं.
धुतलेले धोंडे. परातीसारखा सपाट तळ.
एक खंड्या दगडावर बसला,
इकडं तिकडं बघितलं, उडून गेला.
आणखी खाली, ठाण्यात,
याच पाण्याला नाला म्हणतात.

परत वर आलो तेव्हा चैती गेली होती.
खोडावर ओल्या पावलांचे ठसे,
आणि सालीच्या भेगेत बोटभर
उंबराचं रोप, कालपरवाचं.

संध्याकाळी रजिस्टरात लिहिलं :
पाहणी केली.
करवतीला धार नाही.