नोंदीत राहू द्या

न्यूफाउंडलंडच्या उत्तर किनाऱ्यावर आमचं न्यायालय
मासळीच्या जुन्या कारखान्यात, वरच्या मजल्यावर भरतं.
जिन्याला अजून कॉडचा वास आहे.
मी भिंतीकडच्या टेबलाशी बसून
बोललेलं सगळं टिपते. एकोणीस वर्षं झाली.
माझ्या यंत्राला बावीस कळा,
गप्प बसण्यासाठी एकही नाही.

त्या मंगळवारी सेल्विन बजेल साक्षीला आला.
नवा कोट, बाहीला दुकानाची चिठ्ठी लोंबत होती;
ती त्यानं कुणाला काढू दिली नव्हती.
शेजारी थेल्मा, चित्रांचे पत्ते घेऊन:
भूक, दार, हात, रात्र, नको.

बचावाचे वकील उठले.
"हे त्रेचाळीस वर्षांच्या देहातलं मूल आहे.
शपथ म्हणजे काय, हे तरी कळतं का त्याला?"

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून ठेवला.
"मिस्टर बजेल, खोटं बोललं की काय होतं?"
खिडकीखालचा रेडिएटर खडखडत राहिला.
"गार्लंड मारतो."
मग बऱ्याच वेळानं,
"खरं बोललं की पण."

शपथ दिली गेली.

बँकेचे कागद आले. अकरा वर्षांचं अपंग भत्त्याचं पान न् पान
गार्लंड हाइन्सच्या खात्यात, तिथून त्याच्या होडीच्या इंजिनात.
डॉक्टरांचा कागद आला, त्यात वजन होतं.
आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक पितळी कडी,
दाराच्या बाहेरच्या अंगाला बसवलेली.
पुरावा क्रमांक सात.

"रात्री काय व्हायचं, सेल्विन?"
पत्त्यांना त्यानं हात लावला नाही.
जीभ टाळूला चिकटवली आणि सोडली:
टक्.

"आणि सकाळी?"
तो खिडकीबाहेर बर्फाकडे बघत बसला.
"कधी कधी," म्हणाला, आणि परत
टक्,
या वेळी जरा मऊ, जरा ओला.
लावल्याचा कुठला आणि काढल्याचा कुठला
हे सगळ्या दालनाला कळलं.

"हरकत आहे. हा शब्द नाही, नोंदीतून काढावा."
"राहू द्या," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी कलम वाचलं, सावकाश, मला टिपता यावं म्हणून:
अशा प्रौढ व्यक्तीचा छळ होत असल्याची शंका ज्याला येईल
त्यानं ती कळवली पाहिजे.
कळवावी असं नाही. पाहिजे.
तिथं माझी बोटं अडखळली.

कारण दर ऑगस्टला मी गार्लंडकडे जायचे,
दलदलीतल्या पिवळ्या बेकॲपलच्या जॅमसाठी. बारा डॉलर बाटली.
मागच्या खिडकीला पुठ्ठा ठोकलेला होता.
एका नोव्हेंबरात रस्त्यावरून जाताना सेल्विन दिसला,
नुसत्या शर्टावर, दोन बादल्या घेऊन.
मी गाडीची काच खाली केली. "बरं आहे ना?"
"मजेत आहे तो," गार्लंड ओट्यावरून बोलला.
त्याचं उत्तर मी सेल्विनचं म्हणून घेतलं.
गाव लहान. माणसं तोंडओळखीची.
चर्चमध्ये त्याची बायको माझ्या पुढच्या बाकावर बसते.

उशिरा कळवणाऱ्याचं काय, ते कलमात नाही.
जेवणाच्या सुट्टीत मी दोनदा वाचून पाहिलं.

चार वाजता आदेश झाला.
पैसे परत. गार्लंडनं जवळपास फिरकायचं नाही,
बाकीचं फौजदारीकडे.
राहायची जागा सेल्विननं स्वतः बघून ठरवायची,
खोलीची किल्ली त्याच्याकडे.
"आतून?" सेल्विननं विचारलं.
"आतून."

त्याला ते पटलं असं वाटलं नाही.
तो उठला, दालनाच्या दाराशी गेला,
खिट्टी लावली. काढली.
लावली.
शिपायानं घड्याळाकडे पाहिलं,
थेल्मानं पत्ते आवरायचे थांबवले.
काढली.

कामकाज संपलं होतं, यंत्र बंद करायला हवं होतं.
चारही मी टिपले.
पाचव्याची वाट बघत
बोटं कळांवर तशीच ठेवून बसले.