अर्धं डाळिंब

उरगुतमध्ये कापड आधी एकसंध असतं.
चार पट्टे, कच्च्या टाक्यांनी जोडलेले.
त्यावर हनिफा बोरूने रेघा ओढते:
मधे डाळिंब, भोवती कडू बदामाची पानं,
कडेला वाकड्या मिरच्या, दृष्ट लागू नये म्हणून.
मग ती टाके उसवते
आणि एकेक पट्टा एकेका घरी जातो.

दुसरा माझ्याकडे आला, तिसरा सानोबरकडे.
सख्ख्या बहिणी आम्ही, दोन भिंतींचं अंतर,
आणि अकरा वर्षं बोलत नाही.
तिच्या नवऱ्याने वडिलांची तुती तोडली,
गाडी उभी करायला जागा हवी म्हणून.
तेवढंच. पण त्या तुतीवर मी चढायला शिकले होते.

भाचीच्या लग्नाचं कापड, नाही कसं म्हणणार?
हनिफाने डाळिंब नेमकं शिवणीवर काढलेलं,
अर्धं माझ्या पट्ट्यावर, अर्धं तिच्या.
"चुकून झालं," म्हणाली.
साठ वर्षं रेघा ओढणारी बाई;
तिचं चुकून मला ठाऊक आहे.

हिवाळाभर दाणे भरत बसले.
जितके दाणे तितकी लेकरं, असं म्हणतात.
मला एकही नाही,
तरी माझा दाणा कुठे कमी फुगलाय, बघा.
दोरा मंजिष्ठेत घरीच बुडवला, तीनदा.
मिरच्या भरताना मनात नावं घेतली.
कुणाची, ते सांगत नाही.

आई म्हणायची, एक तरी पान कोरं सोडावं.
सगळं भरलं की कापडाला वाटतं, संपलं,
आणि घरातल्या मुली सुई खाली ठेवतात.
सोडायचं थोरलीने. थोरली मी.
खालच्या डहाळीचं एक पान तसंच ठेवलं,
हनिफाची नुसती रेघ.

नवरोजच्या आदल्या दिवशी पट्टे जोडले.
आठ बायका, मधे कापड, चहा निवत चाललेला.
माझं डाळिंब भाजल्या विटेचं,
तिचं बाजारच्या दोऱ्याचं, लिपस्टिकसारखं.
देठ बोटभर सरकलेला.
"उसवून घेऊ," कुणीतरी म्हणालं.
इकबोल सरळ कापडावरच बसली.
"हात लावाल तर बघा."

हनिफा पानं मोजत होती, चष्मा कपाळावर.
एक कोरं. माझं.
शिवणीच्या पल्याड, त्याच उंचीवर, अजून एक.

"तू सोडशील असं वाटलं नाही,"
सानोबर कापडाला म्हणाली,
"भांडणात तू सगळं विसरतेस."
अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य, आणि तेही टोमण्याचं.
मी म्हटलं, "धाकटीने सोडायचं नसतं."

चहा पुन्हा ठेवला.

दोन पानं रिकामी: शुभ की अशुभ,
हनिफालाही सांगता येईना.
आता ते कापड इकबोलच्या भिंतीवर आहे.
माझ्या बाजूचा रंग उतरत चाललाय,
तिचा बाजारचा दोरा तस्साच झगझगीत.
हे तिच्या लक्षात आलेलं असणार.
अजून बोललेली नाही.