विचारल्याशिवाय

खराडी, नववा मजला, रात्रीचे पावणेदोन.
काळ्या खिडकीत मी एकच ओळ टाइप करते:
सगळे जॉब बाहेर काढ, या फाइलीत ठेव.
सगळे म्हणजे तारा. तोही अवतरणचिन्हांत,
नाहीतर शेल त्याला वाटेतच गिळतो.
हे मला तिसऱ्या खेपेला आठवलं.

एंटर.

चौदाशे बारा जॉब
भराभर मजकूर होऊन उतरतात,
कोण कुणाच्या आधी, कोण कुणासाठी खोळंबलाय,
पडला तर रात्री कुणाला उठवायचं.
सोमवारी जुना सर्व्हर बंद.
बँकेची सगळी रात्र चार एमबीत मावली,
पेनड्राइव्हला कळलंही नाही.

चाळताना मध्येच एक सापडतो: लिंब शाखा, दैनिक.
वर्णनाच्या रकान्यात, जिथे कुणीच काही लिहीत नाही:
‘विचारल्याशिवाय हात लावू नये. – ना. वि. घैसास.’

लिंबची शाखा उठून अकरा वर्षं झाली.
हा अजून दर दहा मिनिटांनी
तिची फाइल आली का बघतो,
साडेपाचला नाद सोडतो
आणि स्वतःपुढे ‘यशस्वी’ लिहून मोकळा होतो.

उठवायच्या यादीत घैसासांचा सहकारनगरचा लँडलाइन.
लावला.
हा क्रमांक अस्तित्वात नाही, बाई म्हणाली,
आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत.

वगळायचा तर चार ओळी खोडायच्या, बस.

मी त्यांच्या ओळीखाली एक वाढवली:
‘विचारलं. – सु. रा. कासार.’
आणि चौदाशे बाराच्या चौदाशे बारा
नव्या सर्व्हरकडे लावून दिले.