फ्लेक

बोस्टनहून कापडाचा गठ्ठा परत आला.
सोबत चिठ्ठी: मालावर सर्वत्र बारीक डाग.
कॉनल मॅक्नेलिसने ती दिव्याखाली धरली,
दोनदा वाचली,
आणि मागावरून उठला.

डोनेगलच्या त्या घरात इंग्रजी बिलापुरतीच.
चुलीशी, मागाशी, मेंढरांना शिव्या घालताना आयरिश.
तिच्यात ठिपकेदाराला म्हणतात ब्रॅक,
ओढ्यातल्या ट्राउट माशालाही ब्रॅकच,
आणि पहाटे अंधार विरायला लागला
की दिवसावर ठिपके उमटू लागले, असं काहीसं.

पण गिऱ्हाइकाला गिऱ्हाइकाची भाषा.
उना लिहायला बसली.
'डाग नव्हेत, लिही. फ्लेक.
डाग पडतो. फ्लेक आम्ही घालतो,
लोकर पिंजताना, चिमटीचिमटीने:
पिवळा काटेरी गोर्सच्या फुलांचा,
तांबूस खडकावरच्या दगडफुलाचा,
निळा... निळा दुकानातून आणतो, ते नको लिहूस.'

उनाने सगळं लिहिलं, निळ्यासकट.
खाली स्वतःचं एक वाक्य:
ब्रश मारून पाहा. निघाला तर पैसे परत.

कुणी पैसे मागितले नाहीत.

अकरा वर्षांनी, लेटरकेनीच्या इस्पितळात,
कोवळ्या डॉक्टरने एक्स-रे खिडकीच्या काचेला टेकवला.
काळ्या पाण्यात उनाच्या फासळ्या.
त्यांच्यामध्ये त्याने पेन्सिलचं टोक ठेवलं:
हा पाहा, एक फ्लेक. इथे दुसरा. इथे तर पुष्कळ.

शब्द ओळखीचा, म्हणून कॉनल पुढे वाकला.
शब्दाने ओळख दिली नाही.
कुणी घातले हे, एवढंच विचारायचं होतं,
पण इंग्रजी बिलापुरतीच.

'ब्रश मारून निघतील?' उनाने विचारलं.
डॉक्टर गोंधळून कॉनलकडे बघू लागला.
कॉनल खाली, टोपीकडे.

परतीच्या बसमध्ये तिच्या बाहीवर
मोहरीएवढी तांबूस गाठ सुटून वर आली होती.
दुसऱ्या कुणी कचरा समजून उपटली असती.
त्याने नखाने ती धाग्यांच्या आत सारली,
पुन्हा वर आली,
पुन्हा सारली.

'राहू दे,' ती म्हणाली.

ग्लेंटीज येईपर्यंत
त्याने बोट तिथून काढलं नाही.