विषय क्रमांक पाच

वार्षिक सर्वसाधारण सभा, सहकारनगर नंबर दोन.
रविवार, सकाळी दहा. गणपूर्तीअभावी साडेदहा.
इतिवृत्त मी लिहिते, माझं अक्षर बरं आहे म्हणून.

विषय क्रमांक चार: पार्किंग.
विषय क्रमांक पाच: कु. मंदाकिनी रिसबूड, बी-अकरा.

अडतीस वर्षं त्या शिमला ऑफिसात होत्या.
आकाशाचे आठ भाग करायचे,
किती भागांत ढग ते वहीत लिहायचं.
त्याचा पगार मिळायचा.
आता आमच्या गच्चीवर, पहाटे तीनला,
तेच आकाश, तेच आठ भाग, तसलीच वही.
फक्त पगार नाही.

तशा परवापरवापर्यंत हुशार होत्या.
काठी बुडवून त्यांनीच दाखवलं होतं,
दहा हजार लिटरचा टँकर साडेआठचाच आहे.
याच हॉलमध्ये शाल दिली, नारळ दिला.
मग त्यांनी रंगकामाचा हिशेब मागितला
आणि नोटीस बोर्डावर सुवाच्य कागद लावला:
"चेअरमनसाहेबांच्या बेरजेवर
एक लाख अठरा हजारांचा ढग आहे."
लोकांनी फोटो काढले, पुणेरी पाटी म्हणून हसले.
हसून झाल्यावर कोणीतरी म्हणालं,
डोक्यावर परिणाम झालाय बाईंच्या.

फार वाचलं की होतं असं, चौबळबाई म्हणाल्या.
वेळेवर लग्न झालं असतं तर,
हे वाक्य कोणी पूर्ण केलं नाही.
येरवडा हा शब्दही कोणी काढला नाही.
आम्ही शिकलेली माणसं. आम्ही म्हणालो,
"नुसतं दाखवून घ्यायला काय हरकत आहे?"

पुतण्या घेऊन गेला.
बाईमाणूस हवं म्हणून सोबत मी.
डॉक्टर तरुण होता, सभ्य.
"कसले आवाज ऐकू येतात का?"
"हो. तुमच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय."
"शंभरातून सात वजा करत जा."
त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट.
"पुरे," तो म्हणाला.
त्या थांबल्या नाहीत.
नऊ. दोन. उणे पाच. उणे बारा.
दिवा नसलेल्या तळघरात
कठड्याला हात न लावता उतरावं
तशा, खिडकीबाहेर बघत.
डॉक्टरनं काहीतरी लिहिलं.
त्याचं अक्षर मला लागलं नाही.

ठराव: सदर सभासदांनी गच्चीची किल्ली परत करावी.
सूचक आहे, अनुमोदक आहे. एकमताने संमत.
लिहिणाऱ्यालाही हात वर करावा लागतो,
पेन दुसऱ्या हातात घेऊन.
रंगकामाची बेरीज मी घरी तपासली होती.
त्यांचं बरोबर होतं.
हे इतिवृत्तात नाही.

हल्ली झोप लागत नाही तेव्हा मीही मोजते.
नवरा शेजारी घोरत असतो, शहाण्यासारखा.
शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी,
खाली खाली, सोळा, नऊ,
आणि दोनवर येऊन
दर वेळी उशी उलटी करते.