पाणसळ

घर पाहावं बांधून, म्हणतात.
मी पाहतो सरपटून,
पोटावर, टॉर्च दातांत धरून,
फळ्यांखालच्या दीड फूट अंधारात.
सेंट आल्बन्स, मर्टल स्ट्रीट, नंबर सव्वीस.
मेलबर्नच्या या पश्चिम अंगाची माती काळी, लहरी:
उन्हाळ्यात भेगाळते, हिवाळ्यात फुगते,
आणि वरचं लाकडी घर
कधी या कुशीवर, कधी त्या.

अहवालाला हवे असतात खुंट. मोजले, बासष्ट.
वाळवी नाही. न्हाणीघराखाली ओल.
शनिवारी अकराला फुटपाथवर लिलाव.

दलालानं एक पान जोडलंय, विक्रीचा इतिहास,
चार ओळींत आटोपलेला.

१९५७. एकशे ऐंशी पौंड. साल्वू ग्रेक.
तेव्हा घर नव्हतंच, नुसता प्लॉट, गुडघाभर काटेरी गवत.
मागे पत्र्याची खोली, तीत दोन वर्षं पाच माणसं,
मग दर रविवारी चर्चहून आल्यावर थोडी थोडी भिंत.
खुंट रेल्वेच्या मोडीतले.
बोल्टची भोकं अजून दिसतात, त्यांत कोळ्यांनी संसार थाटलेत.

१९७६. एकवीस हजार डॉलर. ब्रोनेक आणि हालिना व्रुबेल.

१९८४. रक्कम: शून्य. घर एकट्या हालिनाच्या नावे.
मोबदला म्हणून छापलंय: नैसर्गिक प्रेम आणि जिव्हाळा.
समोरची द्रागित्सा सांगते,
त्याच महिन्यात ब्रोनेक गाडीच्या टपावर गादी बांधून
पर्थला गेला, तो गेलाच.
वकिलाकडे दुसरा छापील शब्द नसावा.

१९९१. शहाण्णव हजार. लुओंग.
पुढची तेहेतीस वर्षं पानावर काहीच नाही.

खाली आहे.
पुढच्या खोलीच्या बरोबर खाली
फटींतून गळलेल्या सुया, गंजून मातीच्या रंगाच्या,
कोपराला टोचल्या तेव्हा कळल्या.
वर तीन यंत्रं होती. शर्टाच्या कॉलर, नगाला चाळीस सेंट,
रात्री दोनपर्यंत, खिडकीला ब्लँकेट ठोकून.

मग खुंट क्रमांक सतरा.
त्यावर पेन्सिलीनं: ६ मिमी. ठीक. मार्च ९१.
सहाची शेपूट अशी ताणायची खोड
माझीच.

सत्तावीस वर्षांचा होतो.
त्या दिवशी तीन घरं उरकायची होती,
संध्याकाळी स्वतःच्याच साखरपुड्याला पोचायचं होतं.
सतरा आता एकतीस मिलिमीटर खचलाय.

वर येऊन पाणसळ ठेवली. बुडबुडा पळाला.
यंत्राच्या पायांचे खळगे जमिनीत तसेच,
आणि एका खळग्यात चिकटलेली पुठ्ठ्याची चवड:
आंब्यांच्या पेटीचा, त्यावर बीअरच्या खोक्याचा,
त्यावर डायपरचा, सगळ्यात वर कसलातरी पांढरा.
दर चार-पाच वर्षांनी एक.
माझा नंबर अहवालावर होता.
त्यांनी फोन केला नाही.

घर बघायला अचोल मायेन आलीय,
रात्रपाळी संपवून, नर्सच्याच बुटांत.
आई गाडीत बसलीय, उतरत नाही,
आधी ठरू दे म्हणते.
डावीकडचं घर पाडून तिथे तीन झालीत,
आणि कुंपणाबाहेर बिल्डरचा एक माणूस
पावलांनी रुंदी मोजतोय.
त्याला अहवाल नको आहे.

अचोल विचारते, घर सरळ आहे का?
नाही, मी सांगतो. सतरा नंबर.
खर्च सांगतो. आणि म्हणतो, तेव्हाही मीच बघितलं होतं.
ती पुठ्ठा नखानं उचकटून बघते, पुन्हा दाबून बसवते.
वजन किती असायचं हो त्या यंत्राचं?
मला माहीत नव्हतं.

जाण्याआधी पुन्हा खाली गेलो. गरज नव्हती.
जुन्या आकड्याखाली नवा लिहिला, तारीख घातली.
त्यापुढे ठीक लिहायची जागा होती.
ती तशीच सोडली.

बाहेर आलो, कपाळाला माती.
द्रागित्सानं घडीची खुर्ची दोन दिवस आधीच मांडलेली,
इथला एकही लिलाव तिनं चुकवलेला नाही.
रस्त्यापलीकडून ओरडली, किती?
तिला किंमत हवी होती.

एकतीस, मी म्हणालो.