उष्टावण

नाचणी रात्रभर भिजवली, फडक्यात बांधून
चुलीशेजारी टांगली. जानेवारीत इथे
मोडसुद्धा बिचकत बिचकत येतात.
तिसऱ्या दिवशी पांढरी शेपटी दिसली.
सावलीत वाळवली, मंद भाजली,
गिरणीत म्हटलं, दादा, मिरची दळली असेल तर थांबते.
मग जुन्या सुती ओढणीतून वस्त्रगाळ.
एवढा घाट
सव्वा चमच्यासाठी.

डॉक्टर म्हणाल्या, सहा पूर्ण झाले, करा सुरू.
मीठ नाही, साखर नाही, मध तर नाहीच.
सासूबाई म्हणाल्या, मुलीचं विषम महिन्यात,
आणि पहिला घास मामाचा.
मामा म्हणजे हेमराज, ओझरला असतो,
त्याला सुट्टी रविवारी.
गिरजाला हे कोणी सांगितलं नव्हतं.
ती माझ्या भाकरीकडे अशी बघायची
जसे आम्ही कंटेनरच्या वेळेला गेटकडे.

मी मोहाडीच्या पॅकहाऊसमध्ये. डोक्याला जाळीची टोपी,
हातात आखूड कात्री.
अठरा एमएमच्या कडीतून निसटेल तो मणी बाद.
सुपरवायझर एक द्राक्ष काचेवर चिरडतो,
डोळ्याला लावतो, म्हणतो, सतरा ब्रिक्स.
गोडी इथे आकड्यात कळते. खायची मुभा नाही.
घरी येऊन दोनदा साबण लावला
तरी गिरजा माझं बोट हुंगते.

सोमवारी पहाटे, कामाची गाडी यायच्या आत,
सगळे झोपेत असताना
मी सत्त्व ढवळलं, गुठळी होऊ दिली नाही,
करंगळीच्या टोकावर घेतलं.
तिने ते जिभेने बाहेर ढकललं.
रागाने नाही,
दारात आलेल्या परक्याला
कोण हवंय, विचारावं तसं.
हनुवटी पुसली. परत दिलं. परत बाहेर.
वाटी विसळून पालथी घातली,
तिला शेजारी शालन गांगुर्डेंकडे सोपवलं
आणि गाडीत चढले.

रविवार. म्हसरूळच्या दोन खोल्या, एकोणीस माणसं.
सराफ बाजारातली चांदीची वाटी, तांदळाची खीर.
साखर घातली का, मी विचारलं नाही.
मामाच्या मांडीवर जरीच्या परकरात गिरजा,
वर चार मोबाइल.
चमचा ओठांशी आला
आणि तिने आ केला.
मोठा. सरावाचा.
गिळलं, आणि रिकाम्या चमच्यामागे तोंड नेलं.
अगं बाई, पहिल्याच घासाला!
मामाचा हातगुण, म्हणाले सगळे, आणि हेमराज
दिवसभर तो हात खिशात घालेना.

माझं गणित जुळत नव्हतं.
माझा घास तर बाहेर आला होता.
हा आ शिकवला कुणी?
दाराशी शालन गांगुर्डे उभ्या,
पंख्याकडे बघत.
जानेवारीत. बंद पंख्याकडे.
मग आठवली बुधवारी तिच्या कानामागे दिसलेली
पिवळी खपली. मला वाटलं होतं, उटण्याची हळद.

संध्याकाळी त्यांची पातेली परत करायला गेले.
किती दिवस, विचारलं.
"मंगळवारपासून. आधी वरणाचं पाणी, मग मऊ भात.
काय करू, माझ्या ताटात हात घालायची.
आपण जेवताना समोर कुणाला
उपाशी बसवतं का माणूस?"
त्या पातेल्याची कड पुसत राहिल्या,
पुसलेलीच होती.

सोमवार माझ्या ओठांवर आला.
मी तो जिभेने
आत ढकलला.

रात्री सगळे पांगले. गिरजा झोपली,
तोंड अजून चमच्याच्या आकाराचं.
ओट्यावर चांदीच्या वाटीत तिचं उष्टं उरलेलं,
गार, वर साय धरलेली.
उभ्यानेच खाल्लं, बोटाने वाटी निपटून.
साखर होती.
बावीस ब्रिक्स तरी असेल.